यांत्रिक होडीच्या इंजिनाची शक्ती का घटते?

(मच्छिमारांच्या प्रशिक्षण वर्गासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोकणच्या किनाऱ्यावर शिडाच्या होडीत डिझेल इंजिन बसले, त्याला आता कित्येक दशके लोटली. सातपाटी, वसई, वर्सोवा, अलिबाग, हर्णे, मिरकरवाडा, देवगड, मालवण या बंदरांतून एके काळी वाऱ्याचा रोख आणि भरती-ओहोटीची वेळ पाहूनच होड्या बाहेर पडत. वारा पडला की वल्ही हाती घ्यावी लागत. मासळी ताजी असताना बाजारपेठ गाठणे हे बऱ्याच अंशी निसर्गाच्या मर्जीवर अवलंबून असे. इंजिन आले आणि ही परिस्थिती पालटली. होडी अधिक दूर जाऊ लागली, ठरलेल्या वेळी परतू लागली.

परंतु प्रत्येक सुधारणेबरोबर एक नवी जबाबदारी येते. शिडाच्या होडीचा तांडेल वाऱ्याचा जाणकार असे. यांत्रिक होडीच्या तांडेलाला इंजिनाचाही जाणकार व्हावे लागते. दुर्दैवाने शीड किनाऱ्यावर राहिले, पण इंजिनाचे ज्ञान मात्र सर्वत्र होडीवर चढलेच असे नाही.

इंजिन अजिबात बंद पडले, तर ते कोणाच्याही लक्षात येते. त्याहून अधिक वेळा घडणारी आणि म्हणूनच अधिक फसवी गोष्ट म्हणजे इंजिनाची शक्ती हळूहळू घटणे. दांडा पूर्ण ओढूनही पूर्वीइतके फेरे मिळत नाहीत. नेहमीच्या अंतराला अर्धा-पाऊण तास अधिक लागतो. डिझेल जास्त जळते. ‘आज इंजिन जरा जड चालते आहे’, एवढे म्हणून पुढच्या फेरीची तयारी सुरू होते. आजार अंगावर काढावा तसा हा दोष अंगावर काढला जातो. मग एखाद्या दिवशी वारा उलटतो, ओहोटी लागते, खाडीच्या तोंडावर लाटा फुटू लागतात आणि नेमक्या त्या ठिकाणी, जेथे इंजिनाच्या पूर्ण शक्तीची गरज असते, तेथे ते दम सोडते. अशा वेळी होडी, जाळी, मासळी आणि सर्वांत मोलाचे असे खलाशांचे प्राण धोक्यात येतात.

दुसरीकडे, शक्ती घटली असे दिसताच काही जण थेट फ्युएल पंप उघडावयास देतात. पंपाची आणि इंजेक्टरची दुरुस्ती खर्चाची असते. ती करूनही होडी पूर्वीसारखी चालत नाही, कारण दोष पंपात नसतोच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होय. शक्ती घटणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. रोग कोठे आहे, हे क्रमाने शोधावयाचे असते. हा क्रम कोणता, हेच येथे सांगावयाचे आहे.

इंजिनाच्या गरजा

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी रीतीने चालले. त्यानंतर या यंत्रात असंख्य सुधारणा झाल्या, पण त्यामागील तत्त्व तेच राहिले. या इंजिनात ठिणगीसाठी प्लग नसतो. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा दट्ट्या इतकी दाबतो, की तिचे आकारमान सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शाइतके होते. त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि नेमक्या त्या क्षणी इंजेक्टरमधून धुक्यासारखे उडालेले डिझेल आपोआप पेट घेते.

यावरून इंजिनाला काय काय लागते, हे स्पष्ट होते. स्वच्छ व पुरेसे डिझेल, भरपूर हवा, सिलिंडरमधील योग्य दाब आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापू नये म्हणून थंडावा, या त्याच्या चार गरजा आहेत. पाचवी गोष्ट इंजिनाच्या बाहेरची आहे. इंजिनावर पडणारा भार त्याच्या कुवतीइतकाच असला पाहिजे. शक्ती घटली, म्हणजे या पाचांपैकी कोठेतरी उणीव आली आहे, हे निश्चित समजावे.

तपासणी करताना एकच नियम पाळावा. बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे आणि बिनखर्चाच्या गोष्टीकडून खर्चाच्या गोष्टीकडे जावे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा चाचपडावे लागते.

दोष इंजिनात की पाण्याखाली?

पहिला प्रश्न इंजिनाला नव्हे, तर होडीला विचारावयाचा आहे. इंजिन पूर्ण फेरे घेते, परंतु होडी मात्र पुढे सरकत नाही, असे आहे काय? तसे असेल, तर इंजिन निर्दोष असण्याचा संभव अधिक. गिअरमधील क्लच घसरत असेल, पंख्याचे पाते मोडले वा वाकले असेल किंवा दांड्यावरील चावी तुटून पंखा सैल झाला असेल.

याउलट गिअर न टाकता इंजिन मोकळेपणी पूर्ण फेरे घेते, पण गिअर टाकताच दबते, असे दिसले, तर दोन शक्यता उरतात. एक तर भार वाढला आहे किंवा भार पेलण्याइतके डिझेल वा हवा इंजिनाला मिळत नाही. भार वाढण्याची कारणे बहुधा पाण्याखाली असतात. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा किंवा दोर पंख्याला गुंडाळला जातो. होडीच्या तळाला व पंख्याला शेवाळ आणि बार्नेकलसारखे कवचाचे जीव चिकटतात. पंख्याच्या पात्यांवर त्यांचा पातळ थर जरी बसला, तरी होडीचा वेग जाणवण्याइतका कमी होतो. दांड्याभोवतीचे ग्लँड अति घट्ट आवळले असेल, तर तेथे हात लावताच ते कढत लागते. होडी बराच काळ किनाऱ्यावर ओढून ठेवली असेल, तर लाकडाचा आकार किंचित बदलतो आणि इंजिन व पंख्याचा दांडा एका रेषेत राहत नाहीत. म्हणून ही रेषा होडी पाण्यात उतरवून लाकूड पाण्यात स्थिर झाल्यावर पुन्हा तपासली पाहिजे.

पंखा मोकळा करताना इंजिन पूर्ण बंद करावे आणि ते कोणी चुकूनही सुरू करणार नाही, अशी व्यवस्था करावी. गिअर न्यूट्रलमध्ये आहे एवढ्यावर विसंबून कोणीही पंख्याजवळ हात नेऊ नये. लाटांचा जोर असेल, तर माणसाला होडीखाली उतरविण्यापेक्षा नांगर टाकून मदत मागविणे श्रेयस्कर.

आणखी एक साधी गोष्ट तपासावी. रेसचा दांडा पूर्ण ओढल्यावर पंपावरील त्याचा आर्म शेवटपर्यंत जातो काय? केबल ताणली गेली वा तिचा स्क्रू सैल झाला, तर वर दांडा पूर्ण ओढलेला दिसतो, पण खाली आर्म अर्ध्यावरच थांबतो. इंजिन बंद करण्याची केबल अर्धवट ओढलेली राहिली, तरी हाच परिणाम होतो. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला पानादेखील लागत नाही.

धूर काय सांगतो?

वैद्य नाडी पाहतो, त्याप्रमाणे इंजिनाच्या जाणकाराने धूर पाहावा. निरोगी इंजिन तापल्यानंतर त्याचा धूर जवळजवळ दिसत नाही.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडत आहे. भार अधिक झाला असेल, हवेची गाळणी चोंदली असेल, धुराच्या नळीत काजळी साचली असेल किंवा इंजेक्टर धुक्याऐवजी धार सोडीत असेल. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. थंड इंजिन सुरू करताना तो थोडा वेळ दिसला, तर चिंतेचे कारण नाही. इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर डिझेलमध्ये पाणी, कमी झालेला दाब किंवा सिलिंडरमध्ये शिरणारे पाणी यांचा संशय घ्यावा. ज्या इंजिनात थंडाव्याचे पाणी धुराबरोबरच बाहेर टाकले जाते, तेथे पाणी कमी पडू लागले की वाफ दिसते. ती धूर समजून दुर्लक्षू नये. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्हचे गाइड सैल असतील किंवा ऑइल प्रमाणाबाहेर भरले असेल.

आणि धूर मुळीच नाही, तरीही इंजिन दबते आहे, फेरे वर-खाली होत आहेत, असे असेल तर? तर बहुतेक वेळा इंजिन उपाशी आहे. त्याला डिझेल मिळत नाही. लहान होड्यांच्या बाबतीत नेहमी आढळणारे कारण हेच होय.

डिझेलचा मार्ग

डिझेलचा प्रवास टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचा आहे. तपासणीही त्याच दिशेने, टाकीपासून सुरू करावी.

टाकीतून डिझेल जसजसे कमी होते, तसतशी तिच्यात बाहेरून हवा यावी लागते. त्यासाठी टाकीला श्वासनळी असते. मीठ, रंग किंवा कीटकांचे घर यांमुळे ती बुजली, तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि डिझेल पुढे जाईनासे होते. इंजिन सुरुवातीस नीट चालते आणि काही वेळाने दबू लागते. अशा वेळी टाकीचे झाकण सैल करून पाहावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरले, तर दोष सापडला. त्यासाठी एक पैसाही खर्च झालेला नसतो.

टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ साचतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते खाली बसते. ते कोठून येते, असा प्रश्न पडेल. काही वेळा ते डिझेलबरोबरच येते, काही वेळा झाकणाच्या झिजलेल्या वॉशरमधून शिरते. पण पुष्कळदा अर्ध्या रिकाम्या टाकीतील दमट हवेचे रात्रीच्या गारव्याने दव होते आणि ते ठिबकून तळाशी जाते. पाणी व डिझेल जेथे एकमेकांना भिडतात, तेथे सूक्ष्म जीव वाढतात आणि काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. समुद्र शांत असेपर्यंत हा गाळ तळाशी निजलेला असतो. लाटांनी होडी हेलकावू लागली की तो ढवळला जाऊन थेट नळीत आणि गाळणीत शिरतो. इंजिन नेमके खवळलेल्या समुद्रातच का दगा देते, याचे हे उत्तर आहे. त्यात दैवाचा काही भाग नाही. टाकीत डिझेल फारच कमी असेल, तर त्याच हेलकाव्यांनी नळीचे तोंड उघडे पडून हवाही ओढली जाते.

यानंतर गाळण्या. पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीला तळाशी काचेची वाटी वा स्क्रू असतो. तेथून थोडे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून ते स्थिर होऊ द्यावे. तळाशी थर दिसला, तर ते पाणी होय. पाणी पूर्ण जाईपर्यंत ते काढीत राहावे. कागदी गाळणी धुऊन पुन्हा वापरण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती सर्वस्वी चुकीची आहे. धुण्याने कागदाची छिद्रे फाटतात आणि जो कचरा अडवावयाचा, तोच पंपात जातो. गाळणी बदलावी, आणि एक जादा गाळणी नेहमी होडीवर ठेवावी.

गाळण्या स्वच्छ असूनही इंजिन दबत असेल, तर नळीतून हवा शिरते काय, हे पाहावे. टाकी इंजिनाच्या खाली असेल, तर लिफ्ट पंप डिझेल ओढून घेतो. या ओढणाऱ्या बाजूच्या नळीत केसाएवढी चीर असली, तर तेथून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून ‘कोठेही गळत नाही, म्हणजे नळी चांगली आहे’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे. सांध्याचे नट, तांब्याचे वॉशर आणि गाळणीच्या झाकणाखालील रबराची रिंग ही संशयाची पहिली स्थळे होत. लिफ्ट पंपाचा पडदा फाटला असेल, तरीही डिझेलचा पुरवठा मंदावतो.

हवा काढण्याची रीत

गाळणी बदलल्यावर किंवा नळी उघडल्यावर आत हवा राहते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. त्यामुळे पंपात हवेचा बुडबुडा असला, की इंजेक्टर उघडण्याइतका दाबच निर्माण होत नाही. म्हणून हवा काढणे ही प्रत्येक खलाशाला आली पाहिजे अशी विद्या आहे.

टाकीचा कॉक उघडावा. टाकीच्या सर्वांत जवळच्या गाळणीवरील स्क्रू सैल करावा आणि लिफ्ट पंपाचा हाताचा खटका चालवावा. फेस बंद होऊन बुडबुड्याविना डिझेल येऊ लागले, की पंप चालू असतानाच स्क्रू आवळावा. मग पुढची गाळणी, मग फ्युएल पंप, याच क्रमाने पुढे जावे. शेवटी इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट किंचित सैल करून इंजिन फिरवावे आणि तेथे डिझेल दिसताच ते आवळावेत. धूर व थंडाव्याचे पाणी एकत्र बाहेर टाकणाऱ्या इंजिनात, ते सुरू न होता बराच वेळ फिरवले, तर पाणी नळीत साचून उलट सिलिंडरमध्ये जाण्याचा धोका असतो. अशा वेळी समुद्राच्या पाण्याचा कॉक तेवढ्यापुरता बंद ठेवावा आणि इंजिन सुरू होताच न विसरता उघडावा.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. इंजेक्टरमधून निघणाऱ्या डिझेलचा दाब प्रचंड असतो. हा फवारा त्वचा भेदून आत जातो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत गेलेले डिझेल हात कायमचा निकामी करू शकते. फवारा कधीही बोटाने तपासू नये. असा अपघात झालाच, तर दुखत नाही म्हणून थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

हवेची व धुराची वाट

एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १० घनमीटर हवा लागते आणि प्रत्यक्षात इंजिनाला त्याहूनही अधिक लागते. एवढी हवा इंजिनाच्या खोलीत कोठून येते, याचा विचार किती ठिकाणी होतो? पाऊस आत येऊ नये म्हणून ताडपत्री बांधली जाते, हवेच्या खिडकीपुढे जाळी आणि टोपल्या रचल्या जातात. मग खोलीतील हवा गरम व अपुरी होऊन इंजिन गुदमरते. याची परीक्षा सोपी आहे. इंजिनावरील फळी क्षणभर दूर करावी. फेरे वाढले व काळा धूर कमी झाला, तर इंजिनात दोष नाही, त्याच्या खोलीत आहे. पट्ट्यात कपडे वा हात अडकणार नाहीत, याची मात्र काळजी घ्यावी.

जशी हवा आत आली पाहिजे, तसा धूर बाहेर गेला पाहिजे. धुराच्या नळीच्या वळणावर काजळी आणि खारट पाण्याचा गंज साचून नळीचे तोंड हळूहळू अरुंद होते. महिनोन् महिने मंद फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात काजळी अधिक साचते. हे वळण वर्षातून एकदा उघडून साफ करावे.

थंडावा आणि दाब

इंजिन तापू लागले, तर त्याची शक्ती घटते आणि ते तसेच चालविले, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर सतत लक्ष असावे. धार बारीक झाली, तर पाणी आत घेण्याच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकली आहे काय, हे प्रथम पाहावे. आजच्या समुद्रात हे कारण नित्याचे झाले आहे. त्यानंतर पाण्याची जाळी आणि पंपातील रबरी इम्पेलर तपासावा. इम्पेलरची पाती तुटली असतील, तर तुकडे शोधून काढावेत, अन्यथा ते पुढे नळीत अडकतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये व पाण्याचे झाकण लगेच उघडू नये.

वरील सर्व गोष्टी ठीक असतील, तरच सिलिंडरच्या दाबाकडे वळावे. हँडलने फिरविता येणाऱ्या इंजिनात दट्ट्या वर येताना स्प्रिंगसारखा जोरकस विरोध जाणवला पाहिजे. तो जाणवला नाही, फुसफुस आवाज आला, इंजिन सुरू व्हावयास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू लागला, तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेड गॅस्केट यांपैकी काहीतरी बिघडले आहे. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी गेले आहे. ऑइलची पातळी न भरता वाढली, तर त्यात डिझेल उतरत असण्याचा संभव आहे. या दोन्ही स्थितींत इंजिन चालवू नये. येथून पुढचे काम जाणत्या मेकॅनिकचे आहे. परंतु त्याच्याकडे जाताना काय काय तपासले व काय आढळले, हे सांगता आले, तर त्याचा वेळ आणि मालकाचा पैसा दोन्ही वाचतात.

एक उदाहरण

समजा, एक दोन सिलिंडरची होडी मासळी घेऊन परत येत आहे. बंदर दोन तासांवर आहे. फेरे कमी होऊ लागतात, मग आपोआप वाढतात, पुन्हा कमी होतात. धूर नाही. पाण्याची धार चांगली आहे. तांडेल गिअर काढतो. मोकळ्यावर इंजिन बरे चालते, गिअर टाकताच दबते. पंख्याला काही लागले असते, तर इंजिनाने काळा धूर सोडला असता. म्हणजे शोध डिझेलच्या मार्गावर घ्यावयाचा. टाकीचे झाकण सैल करून फरक पडत नाही. गाळणीच्या वाटीत मात्र पाणी आणि काळा गाळ दिसतो. नांगर टाकून इंजिन बंद केले जाते, वाटी रिकामी होते, जादा गाळणी बसते, हवा काढली जाते. एवढ्याने होडी पूर्ववत चालू लागते.

आता हीच होडी दुसऱ्या तऱ्हेने पाहू. जादा गाळणी नाही, हवा काढण्याची माहिती नाही. ‘बंदर गाठू कसेतरी’ म्हणून इंजिन तसेच रेटले जाते आणि खाडीच्या तोंडावर ते बंद पडते. दोन्ही होड्यांतील इंजिन एकच, दोषही एकच. फरक आहे तो एका गाळणीचा आणि थोड्याशा ज्ञानाचा.

समुद्रावर असताना

शक्ती घटत आहे असे वाटताच फेरे कमी करावेत. पंख्याला लागणारी शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. फेरे १० टक्क्यांनी कमी केले, तर लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते. म्हणजेच अर्धपोटी इंजिनही मंद गतीने होडीला घरी आणू शकते. डिझेल वाचविण्याचा मार्गही हाच आहे. होडी खडकाकडे वा फुटणाऱ्या लाटांकडे वाहत असेल, तर दुरुस्तीच्या आधी नांगर टाकावा आणि पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट दोर सोडावा. लहानसे शीड आणि वल्ही ही जुनी साधने होडीवर असू द्यावीत. त्यांना डिझेल लागत नाही. संकट वाढत आहे असे दिसताच व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर वेळेवर कळवावे. मदत मागण्यात कमीपणा नाही. ती उशिरा मागण्यात मात्र धोका आहे.

बंदीचा काळ, दुरुस्तीचा काळ

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या शाकारल्या जातात, जाळी विणली जातात. या ६१ दिवसांत इंजिन मात्र पुष्कळदा जसेच्या तसे पडून राहते आणि मोसमाच्या पहिल्याच फेरीत त्याचे दोष उघडे पडतात. होडी शाकारतानाच टाकीचा गाळ काढून ती स्वच्छ डिझेलने काठोकाठ भरावी, म्हणजे दव धरण्यास जागाच उरणार नाही. ऑइल बदलावे, समुद्राच्या पाण्याचा मार्ग गोड्या पाण्याने धुवावा, इम्पेलर काढून पाहावा, तळ व पंखा घासून साफ करावा. सर्व गाळण्या मोसमाच्या आरंभी नव्या बसवाव्यात.

कोची येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत मासेमारी नौकांचे इंजिन चालविण्याचे शिक्षण दिले जाते. किनाऱ्यावरील तरुणांनी अशा शिक्षणाचा लाभ घ्यावा. परंतु प्रत्येकाला तेथे जाणे शक्य नाही, म्हणून प्रत्येक होडीवर निदान दोघांना तरी हवा काढणे आणि गाळणी बदलणे आले पाहिजे. एकालाच येत असेल आणि तोच आजारी पडला, तर ती विद्या किनाऱ्यावरच राहते.

शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे. होडीवर एक वही ठेवावी. इंजिन किती तास चालले, किती डिझेल लागले, पूर्ण दांड्याला किती फेरे मिळाले, नेहमीच्या अंतराला किती वेळ लागला आणि गाळणी केव्हा बदलली, एवढेच तीत लिहावे. इंजिनाची शक्ती एका दिवसात घटत नाही. ती रोज थोडी थोडी घटते आणि रोजच्या सवयीमुळे ते जाणवत नाही. वहीला मात्र सवय जडत नाही. डिझेलचा आकडा वाढू लागला आणि वेळेचाही वाढू लागला, की होडी बंदरात सुरक्षित उभी असतानाच दोष शोधता येतो. यांत्रिक होडीचा दोष शोधण्याची योग्य जागा बंदर आहे, खाडीचे तोंड नव्हे.